संमतिपत्राचा तिसरा मसुदा

हडपसरच्या एका रुग्णालयातल्या बाकावर शहेजादची नि माझी पहिली भेट झाली ती भांडणाने.

"मॅडम, संशोधनाच्या संमतिपत्रावर सही करायची असते... दुरुस्त्या नाही."

"बारा वर्षं कॉलेजात मराठी शिकवते मी. असल्या मराठीखाली माझं नाव येणार नाही."

तो मोठ्याने हसला. माझ्या देहाची संरक्षणव्यवस्था माझ्याच मज्जातंतूंवर उलटली, त्याला आता दोन वर्षे झाली होती. तेव्हापासून सगळे माझ्याशी मऊ आवाजात बोलत. हयात नसलेल्यांविषयी बोलावे तसे. हा संशोधक मात्र वाद घालत होता.

संमतिपत्रातला एक शब्द बदलला, तरी ते नैतिकता समितीकडे पुन्हा जाते. म्हणून तो पुन्हा आला. दुसऱ्या मसुद्यातल्या निम्म्या चुका त्याने मुद्दाम ठेवल्या असाव्यात, असा माझा संशय आहे...

"'मेंदूतल्या सहायक पेशी, कार्य दुय्यम.' दुय्यम कोणी ठरवलं?"

"मज्जापेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडून निरोप देतात," तो म्हणाला. "ते वेळेवर उचललं नाही, तर त्यांनाच घातक ठरतं. उचलतात या पेशी. तुमच्या आजारात दाह होतो नि त्यांची ही ताकद कमी पडू शकते. किती, तेच रुग्णांच्या रक्तापासून अशा पेशी घडवून मोजतोय."

"थोडक्यात, सांभाळणारीही आजारी पडते." मी कागद मिटला. "माझ्याजवळ कोणी का राहू नये, याचं शास्त्रीय कारण मिळालं."

"अर्धंच ऐकलंत. उचललेल्याचं ग्लुटामाइन करून ती ते परत देते; त्यातूनच मज्जापेशी पुढचा निरोप घडवते. ही सेवा नाही, मॅडम... देवाणघेवाण आहे."

तिसऱ्या मसुद्यात खोडण्याजोगे काही नव्हते. मी पेन उघडले.

"सही... नका करू."

"चूक राहिली?"

"नाही. संशोधकाचं सहभागी व्यक्तीशी वैयक्तिक नातं नसावं, असा नियम आहे."

"आपलं आहे?"

"माझ्याकडून — आहे."

मी त्याच्या चेहऱ्यावर दया शोधली. ती मला लांबून ओळखू येते. सापडली नुसती भीती, निकालाची वाट पाहणाऱ्याची.

"माझा उजवा पाय कधीकधी ऐकत नाही, शहेजाद. पुढे डावाही ऐकणार नाही कदाचित."

"तुम्ही तरी कुणाचं ऐकता?"

किती दिवसांनी हसले मी!

सही न केलेले संमतिपत्र मी त्याला परत दिले. "रक्त तुमच्या सहकारी शकीलाबाईंच्या अभ्यासाला देईन. तुम्ही चहा पाजा."

लिफ्ट बंद होती. जिन्यावर माझा पाय अडखळला, त्याने हात पुढे केला. मी तो धरला — आणि त्याच्या काखेतल्या निसटू पाहणाऱ्या फायली काढून माझ्या पिशवीत टाकल्या.