पाचवं पाकीट

हे कुणाला पटावं म्हणून मी लिहीत नाहीये. माझी सही असलेला पंचनामा आहे. तीन महिन्यांच्या चौकशीचे कागद आहेत. त्या कागदांत जे आलं नाही, तेवढंच इथे सांगते. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव मी सांगणार नाही.

८ फेब्रुवारी २०२४. गुरुवार.

तोंडवलीच्या अलीकडे एक छोटं पोस्ट ऑफिस आहे. मी तिथे सब-पोस्टमास्तर होते. आमचं घर कसालला. नवरा आणि मुलगी तिकडेच असायची. मी ऑफिसपासून दहा मिनिटांवर एक खोली घेऊन एकटी राहायचे आणि शनिवारी घरी जायचे.

ऑफिसच्या मागे सुरूची झाडं, आणि त्यांच्या मागे समुद्र. लाटांचा आवाज दिवसभर चालू असतो. इतका, की कानाला तो जाणवेनासाच होतो.

तो थांबला, की मगच कळतं.

त्या दुपारी टपालाच्या पिशवीतून एक पार्सल निघालं. चपलांच्या खोक्याएवढं. सगळीकडून खाकी चिकटपट्टी, दोन-दोन थर. वर लिहिलं होतं, ‘लोणचं’. पाठवणाऱ्याचा पत्ता अर्धवट, उत्तरेकडच्या कुठल्यातरी शहरातला.

लोणच्याला कॉफीचा वास येत होता.

आमच्या ट्रेनिंगमध्ये हे सांगितलेलं असतं. वास लपवायला कॉफीची पूड भरतात. असं पार्सल आपण उघडायचं नाही. द्यायचं नाही. परतही पाठवायचं नाही. वजन करायचं, नोंद करायची, कुलपात ठेवायचं आणि वर कळवायचं.

मी वजन केलं. एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम. बुकिंगच्या लेबलावरही तेवढंच.

"गुरुदास, सही करायला या," मी हाक मारली. गुरुदास आमचे पोस्टमन. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, सगळं गाव पाठ.

त्यांनी पत्ता वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"मॅडम, ह्यां देवेशाचां."

"मग? ओळखता तुम्ही?"

"वळाखतंय म्हणजे... तो गेलो मगे. गणपतीच्या आधी. गोव्याक कामाक होतो. थंयसर पावडरीच्या नादाक लागलो. चोवीस वर्सांचो झिल, येळेर गावलो."

झिल म्हणजे मुलगा, आणि येळेर गावलो म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर सापडला. घरी आता फक्त आई. सावित्रीकाकी.

मी विभागीय कार्यालयाला फोन लावला. तिथल्या साहेबांना यात नवल वाटलं नाही. "मेलेल्याच्या नावावर मागवतात आणि कोणीतरी नातेवाईक बनून घेऊन जातो. पोलीस उद्या अकरा वाजता येतील. पत्त्यावर नोटीस द्या, घरच्यांनी हजर राहायचं. आत काय असेल ते बोलू नका. आणि कोणी घ्यायला आलं तर..."

"तर?"

"बसवून ठेवा."

पार्सल कापडी पिशवीत घातलं. लाखेचं सील केलं. त्यावर दोघांच्या सह्या. मग लोखंडी कपाटात ठेवून मी किल्ली फिरवली. ती किल्ली फक्त माझ्याकडे असते. दुसरी मुख्य ऑफिसला, बंद पाकिटात.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"माझां पार्सल इलां काय?"

मुलाचा आवाज. हळू, अदबीचा.

"कुणाच्या नावावर आहे?"

"देवेश."

मी गुरुदासकडे पाहिलं. साहेबांचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून आवाज नेहमीसारखाच ठेवला. "उद्या अकराला या. ओळखपत्र घेऊन या."

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. श्वासही नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं...

मागचा समुद्र बंद झाला होता.

"तंवसर माका कळ काढूक जमाची नाय," तो म्हणाला. फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. नुसत्या लाटा परत सुरू झाल्या.

गुरुदास म्हणाले, "कोण होतो?"

"कोणीतरी त्याच्या नावाने बोलतोय," मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं. तेव्हा तरी.

नोटीस द्यायला मीही त्यांच्याबरोबर गेले. सावित्रीकाकी खळ्यात, म्हणजे अंगणात, कोकमाची जुनी सोलं पुन्हा वाळत घालत होत्या. कागद त्यांनी हातात घेतला, पण वाचला नाही.

"इलां तां?" त्यांनी विचारलं.

"काय इलां, काकी?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"त्याचां पार्सल. रोज इचारता तो. दिवेलागणीक न्हाणयेकडे येवन उभो रवता. 'आये, इलां काय?' मी म्हणतंय, नाय रे बाबा."

गुरुदास मान खाली घालून उभे राहिले. त्या अगदी शांतपणे सांगत होत्या. घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं.

"मागच्या खेपेक मी लपयलंय," त्या म्हणाल्या. "त्याच्या पिशयेतलां काढलंय आणि चुलीत घातलंय. म्हटलां, सुटात. रातभर तो जमनीर लोळत होतो, बाय. माझ्या पायांक धरून मागी होतो. फाटेक उठान खंय गेलो तां कळूकच नाय. मगे थंय गावलो."

त्यांनी माझा हात धरला. त्यांचे हात सोलांनी लाल झाले होते.

"त्याका देवन टाका. माझो झिल अजून मागताहा."

"काकी, तां देवक येणां नाय. उद्या पोलीस येतले. तुमी फक्त येवन बसा."

"थोडां तरी," त्या म्हणाल्या.

गुरुदासचं घर तिकडेच होतं, ते तिथूनच गेले. मी ऑफिस बंद करायला एकटी परत आले. सहा वाजले असतील. बाजूच्या दारातून तिरकं ऊन काउंटरच्या जाळीतून आत आलं होतं.

कपाटाचं कुलूप पुन्हा ओढून पाहिलं. घट्ट होतं.

खिडक्या लावल्या. पंखा बंद केला.

आणि सगळंच बंद झालं...

पंखा. लाटा. कावळे.

काउंटरच्या पलीकडे कोणी दिसत नव्हतं. पण जाळीतून येणारं ऊन एका जागी अडलं होतं. टेबलावर जाळीचे चौकोन पडले होते. मधले काही नव्हते.

"मॅडम."

फोनवरचाच आवाज. आता समोरून.

"थोडां तरी..."

मी मागे सरकले होते, हात कपाटावर होता. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी वाटलं. माझी मुलगी तापात पाणी मागते ना, तसा तो आवाज होता.

साहेबांनी सांगितलं होतं, बसवून ठेवा. कायदा सांगतो, द्यायचं नाही. मी तोंड उघडलं.

पण मी ‘नाही’ म्हटलं नाही.

काहीच म्हटलं नाही. नुसती उभी राहिले. हळूहळू टेबलावरचे चौकोन पूर्ण झाले. लाटा आल्या. मी कुलूप लावून जवळजवळ पळतच खोलीवर गेले आणि किल्ली उशीखाली ठेवली.

सकाळी पोलीस आले. दोन पंच, एक किराणा दुकानदार आणि एक निवृत्त गुरुजी. सावित्रीकाकी भिंतीजवळच्या बाकावर येऊन बसल्या.

कपाट उघडलं. लाखेचं सील जसंच्या तसं. दोन्ही सह्या जागेवर. सगळ्यांना दाखवून पिशवी काट्यावर ठेवली.

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमच्या वहीत पिशवीत घालायच्या आधी एक किलो दोनशे चाळीस आहे."

"हो."

"आता पिशवीसकट एक किलो पासष्ट आहे."

चिकटपट्टी कापली. कॉफीची पूड. तिच्यात पुरलेली पाच प्लास्टिकची पाकिटं, यंत्राने कडा चिकटवलेली. चार पांढऱ्या पावडरीने भरलेली.

पाचवं रिकामं.

गुरुजींनी ते चष्म्याजवळ धरलं. इन्स्पेक्टरांनी त्यात हवा आहे का म्हणून दाबलं. कुठे चीर नाही. भोक नाही. चारही कडा बंद. पांढऱ्याचा एक कणही आत नाही.

मी बाकाकडे पाहिलं. सावित्रीकाकी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी हात जोडले.

माझी चौकशी झाली. तीन महिने. काटा तपासला, कुलूप तपासलं, माझी खोलीसुद्धा तपासली. एकच प्रश्न दहा वेळा विचारला, तुम्ही कुणाला काही दिलं का?

नाही, मी म्हटलं. खरंच सांगितलं.

कुणी मागितलं होतं का, हे कुणी विचारलं नाही.

शेवटी पाकीट तयार करतानाच रिकामं राहिलं असावं आणि वजन लिहिताना चूक झाली असावी, असा शेरा पडला. मला ताकीद मिळाली आणि कसालजवळ बदली.

निघायच्या दिवशी सावित्रीकाकी ऑफिसात आल्या. तोंडावर उजेड आल्यासारखा दिसत होता.

"आता येणां नाय तो," त्या म्हणाल्या. "त्या दिसापासून एकदाय येवक नाय. सुखान गेलो. तुमचे उपकार, बाय."

"काकी, मी कायेक करूक नाय."

त्या हसल्या. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, ते त्यांनी पाहिलं.

"मी कोणाक सांगूक नाय, भियां नुको. पोलीस इले त्या फाटेक तुमीच इलास मगे. माझ्या खळ्यात उभ्या होतास. केस सोडलेले, मूठ मिटलेली. तो न्हाणयेकडसून इलो, तुमी मूठ उघडलास. मगे तो तुमच्या मागसून सुरूंच्या बाजूक चलत गेलो. मी दारातसून बघी होतंय. हाक मारूक नाय. म्हटलां, सुटता तर सुटांदे."



आठ तारखेच्या रात्री मी खोलीत होते. दाराला आतून कडी होती. मी सकाळपर्यंत झोपले होते, असं मला वाटतं.

पण तिथे मी एकटीच होते. विचारायला कोणी नाही.