मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

वकील "ही गोष्ट खरी आहे" म्हणायला लागला की लोक आधी हसतात. खुशाल हसा. पण यातलं अर्धं कोर्टाच्या कागदांवर आहे, आणि उरलेलं अर्धं माझ्या उजव्या पायाने अनुभवलं आहे.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती.

मंगळवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. लख्ख ऊन. कोर्टाच्या मागून बाजाराकडे उतरणारा रस्ता.

मी तेव्हा मामाच्या हाताखाली वकिली शिकत होते. मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ. तीस वर्षं फौजदारी वकिली केलेला माणूस. वाहनांचा कायदा तर तोंडपाठ. तो म्हणायचा, अपघाताच्या खटल्यात प्रत्येक आरोपी सांगतो की ब्रेक लागला नाही, आणि शंभरातले नव्याण्णव खोटं सांगतात.

मास्तर आमच्याकडे आले तेव्हा मामाने त्यांनाही त्या नव्याण्णवांत धरलं होतं.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. बावीस वर्षं झाली होती. एक ओरखडा नाही. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो, मास्तरांसाठी. शिकणारा चुकला तर मास्तरांनी तो दाबायचा. म्हणूनच शिकाऊ माणसाच्या हातून अपघात झाला तरी कायदा आधी मास्तरांना धरतो.

त्या दिवशी गाडी एक निवृत्त शिक्षिका चालवत होत्या. आपण त्यांना बाई म्हणू. नवरा गेल्यावर प्रत्येक कामाला कुणाचं तोंड बघायला नको, म्हणून साठाव्या वर्षी गाडी शिकत होत्या. गाडी उताराला लागली. पुढे एक शिंपी दोऱ्याचं रीळ उन्हात धरून रंग बघायला दुकानातून रस्त्यावर आला होता. त्याची गाडीकडे पाठ होती.

गाडीने त्याला उडवलं, आणि दोन दिवसांनी तो दवाखान्यात वारला.

मास्तर ऑफिसात बसून सगळं खालच्या आवाजात सांगत होते. त्यांनी ब्रेक दाबला, पण तो खाली गेला नाही. मामाने तपासणीचा अहवाल पुढे केला. त्यात दोन्ही ब्रेक उत्तम होते.

"फेल नव्हताच, साहेब," मास्तर म्हणाले. "खालून कुणीतरी पाय लावला होता."

मामाने पेन खाली ठेवलं. हे वाक्य या खोलीबाहेर काढायचं नाही, एवढंच त्याने सांगितलं.

तरीही कोर्टाची परवानगी घेऊन आम्ही गाडी बघायला गेलो. पोलीस ठाण्यामागच्या आवारात जप्तीच्या गाड्या उभ्या होत्या. चाव्या घेऊन एक हवालदार आला. म्हणाला, आत उंदीर आहेत, दुपारचं काहीतरी ठक ठक वाजत असतं.

मग जरा थांबून म्हणाला, "औषध ठेवलंय आम्ही. पण खात नाहीत..."

मामाचं पोट स्टिअरिंगला टेकत होतं. तो कसाबसा चालकाच्या जागी बसला. मी मास्तरांच्या.

मी ब्रेक दाबला. गेला.

पुन्हा दाबला. गेला.

मामा म्हणाला, भूत आज रजेवर दिसतंय. मला हसू आलं. मी हसत हसतच तिसऱ्यांदा दाबला...

तो अर्ध्यावर थांबला.

लोखंड अडकलं की ते मुकाट अडकतं. हे तसं नव्हतं. हे आधी थोडं दबलं... आणि मग त्याने उलटा जोर लावला.

माझा पाय हळूहळू वर येत होता. गुडघा वाकत होता. मी सगळं वजन टाकलं तरी.

मी वाकून बघितलं. पेडलखाली काहीच नव्हतं. फक्त रबराची काळी मॅट. त्या मॅटवर टाचेएवढा एक खळगा पडलेला...

मी बघत होते तेव्हा तो आणखी खोल गेला.

"पाय काढ," मी म्हणाले.

मी ते ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"माझा पाय लावलेलाच नाही," मामा म्हणाला, आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं.

त्याच क्षणी पेडल सुटलं आणि तळापर्यंत गेलं. मॅट सपाट होती.

आम्ही उतरलो. दार लावून दहा पावलं गेलो असू, तर मागे गाडीत आवाज आला. ठक... ठक. कुणीतरी कंटाळून पाय आपटत बसावं तसा. हवालदार म्हणाला, हेच ते उंदीर.

रिक्षात मामाने मला एकच प्रश्न विचारला. दुखलं का. मी नाही म्हणाले.

मग त्याने चौकशी केली. मास्तरांच्या बाजूची पेडलं अपघाताच्या तीन आठवडे आधी बदलली होती. जुन्या बाजारातून आणलेली. बसवणाऱ्याने सांगितलं, भंगारवाल्याकडून घेतली, एका चेपलेल्या गाडीची होती. कुठल्या गाडीची? भंगारवाल्याने खांदे उडवले. वाट तिथेच खुंटली.

खटला उभा राहिला. बाई साक्षीला आल्या. सरकारी वकिलांनी त्यांच्याकडून काढून घेतलं ते असं: शिंपी दिसताच त्यांनी आपला ब्रेक दाबायला घेतला होता. गाडी मंदावतही होती. तेवढ्यात मास्तर ओरडले, आणि त्यांनी मास्तरांचं ऐकून पाय काढला.

"काय ओरडले?"

"पाय काढ."

माझ्या हातातली फाईल खाली पडली. मास्तरांनी हे आम्हाला सांगितलं नव्हतं. मी आवारात काय म्हणाले होते, तेही मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे ब्रेक लागत होता. मास्तरांच्या शब्दामुळे तो सुटला. सरकारी वकील खाली बसले तेव्हा खटला जवळजवळ संपला होता.

मामा उलटतपासणीला उठला. त्याने आवाज अगदी मऊ ठेवला होता.

"बाई, ते 'पाय काढा' म्हणाले, की 'पाय काढ'?"

बाईंनी विचार केला. "काढ."

"एरवी तुम्हाला कसं बोलायचे?"

"अहो बाई म्हणायचे. दोन महिन्यांत एकदाही एकेरीवर आले नाहीत."

"आणि तेव्हा ते तुमच्याकडे बघत होते?"

बाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"नाही," त्या म्हणाल्या. "खाली बघत होते... स्वतःच्या पायाशी."

न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी विचारलं ते चिडून नव्हे, खरंच विचारलं.

"वकीलसाहेब, गाडीत तिसरं कुणी होतं असं तुमचं म्हणणं आहे का?"

मामा उभा होता. आरोपीच्या पिंजऱ्यातून मास्तर त्याच्याकडे बघत होते.

तीस वर्षांत मामाला उत्तर सुचलं नाही असं कधी झालं नव्हतं. आताही सुचलं होतं. ते देता येत नव्हतं.

"नाही, साहेब," तो म्हणाला, आणि बसला.

सरकारी वकिलांना त्यावर दोन वाक्यं पुरली. जीव घाबरला की माणूस अहो-जाहो विसरतो. कुणालाही पटेल असंच होतं ते.

बाहेर बाकावर बाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं गार होती.

"मी तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली गं," त्या म्हणाल्या. "ते मला म्हणत नव्हते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मी म्हणाले, अर्ध्या सेकंदात कुणाला कळतं? त्यांनी मान हलवली. पटून हलवली की नाही, कळलं नाही.

मास्तरांना दोन वर्षांची शिक्षा झाली. अपिलातही कायम राहिली. निकालाच्या दिवशी शिंप्याची बायको जिन्यात मामाची वाट बघत उभी होती. मला वाटलं ती बोल लावेल. तिने फक्त विचारलं, त्या माणसाने ब्रेक दाबला होता का?

"दाबला होता," मामा म्हणाला.

"मग?"

मामा तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

त्यानंतर त्याने एक अर्ज केला. गाडी मालकाला परत देण्याआधी मास्तरांच्या बाजूची पेडलं काढून नष्ट करावीत. कोर्टाने कारण विचारलं. अहवालात तर ती सुस्थितीत होती. मामाने अर्ज मागे घेतला.

गाडी जप्तीतून सुटली. मालकाने ती आठवड्याभरात दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलला विकली, पेडलांसकट.

मला राहवेना. पत्ता काढून मी तिथे गेले. नवा मालक सज्जन माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणाले, ती गाडी शिकवायला वापरू नका. त्याने शांतपणे विचारलं, का?

मी वकील आहे. बोलणं हा माझा धंदा आहे. मी पाच मिनिटं त्याच्यासमोर बसले आणि माझ्या तोंडून एक धड वाक्य निघालं नाही.

शेवटी त्यालाच माझी दया आली. त्याने ड्रॉवर उघडून नवा तपासणीचा दाखला माझ्यापुढे ठेवला.

"काळजी करू नका, मॅडम. ब्रेक एकदम चांगले आहेत. मी स्वतः दाबून बघितलेत. दोनदा."

बाहेर अंगणात गाडी नव्हती.

ती शिकवणीला गेली होती.