भिंगरीची फेरी

पडद्यांची मापं घ्यायला गेलो होतो आम्ही, बाकी काही नाही.

मी पडदे शिवते. घरांचे, दवाखान्यांचे, नाट्यगृहांचे, जे काम येईल ते. किनाऱ्यावर नवं करमणूक केंद्र बांधून झालं होतं. त्याच्या मोठ्या हॉलला छतापासून जमिनीपर्यंत खिडक्या, आणि व्यवस्थापकांची एकच अट, कापड न जळणारं हवं. दुकानदाराचा शब्द त्यांना पुरेना. माझ्यासमोर त्यांनी नमुन्याच्या तुकड्याला काडी लावून पाहिली. कापड नुसतं काळं पडलं, तेव्हा कुठे मान हलवली.

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्याच जागेवर पूर्वी जुनं केंद्र होतं आणि ते जळालं होतं. भर सुट्टीच्या दिवशी, दुपारी. रंगमंचाचे मखमली पडदे पेटले, धूर कोंडला आणि मागच्या दाराला कुलूप. मोठी माणसं गेली, पोरं गेली. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण माझी मावशी तिथे होती.

आई गेल्यापासून मावशी माझ्याकडेच असते. अंगाने भरलेली, गुडघ्यांनी थकलेली, जिभेने मात्र अजून सोळा वर्षांची. टेपचं दुसरं टोक धरायला मला तिच्याशिवाय कोणी लागत नाही. तरुणपणी ती त्या जुन्या केंद्रात कॉफीच्या काउंटरवर होती. आगीबद्दल विचारलं की "जळलं, झालं," एवढंच म्हणायची. पण आगीच्या आधीचे दिवस सांगायला बसली की ऐकणाऱ्याची हसून मुरकुंडी वळायची. पाण्याच्या घसरगुंडीत मध्येच अडकलेले एक वकीलसाहेब, त्यांना सोडवायला वरून साबणाचं पाणी ओतावं लागलं होतं. तलावात कवळी पडलेल्या एक आजीबाई, आणि ती शोधायला बुड्या मारणारी अर्ध्या गावाची पोरं.

आणि भिंगरी.

भिंगरी मावशीची जिवाभावाची मैत्रीण. लहान मुलांना स्केटिंग शिकवायची. पायाला चाकं बांधली की तिची भिंगरी व्हायची, म्हणून ते नाव. कॉफीचा ट्रे घेऊन उलटी जायची म्हणे, मागे न बघता, थेंबही न सांडता. जाता जाता एकाची टोपी उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची. ती त्या आगीतून बाहेर आली नाही, हे मला आईने सांगितलं, मावशीने नाही. सगळे पुढच्या दाराकडे धावत होते तेव्हा भिंगरी मागे गेली. तिच्याकडे शिकणारी पोरं तिकडे अडकली होती.

त्यानंतर मावशीने त्या किनाऱ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. म्हणून त्या दिवशी ती ठेवणीतली चप्पल घालून, केस नीट विंचरून तयार झाली, तेव्हा मी चाटच पडले. मी नको म्हटलं, तर म्हणाली, एवढ्या उंच खिडक्या तू काय दातांत टेप धरून मोजणार आहेस का?

रखवालदाराने हॉल उघडून दिला. दिवे अजून जोडले नव्हते, उजेड आहे तोवर आटपा असं सांगून तो चहाला गेला. आत नव्या लाकडाचा आणि वार्निशचा वास. पावलं टाकली की ती छताला जाऊन परत यायची. मी शिडीवर, मावशी खाली. मी माप सांगायची, ती विनोद सांगायची.

मग समुद्रावरून धुकं चढलं. एकेक खिडकी पांढरी होत गेली, आतून कोणीतरी पडदे ओढत यावं तशी. समुद्राचा आवाज बुडाला. आणि त्या शांततेत कुठूनतरी घरघर ऐकू आली. बारीक, सलग... लाकडावरून चाकं जावीत तशी.

बाहेर कोणी सामानाची गाडी ढकलत असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण आवाज आतच होता.

मग वास आला. धुराचा आला असता तर मी शिडीवरून उडीच टाकली असती. आला तो कॉफीचा. ताज्या, कडक कॉफीचा, आणि त्यामागून ओल्या टॉवेलांचा, तलावाच्या पाण्याचा. एखाद्या सुट्टीच्या दुपारचा वास.

मावशीच्या हातून टेप सुटला.

"ऐकतेस?" ती कुजबुजली. "डावीकडून येतेय... नेहमी डावीकडूनच यायची."

माझ्या खालून काहीतरी सरकन गेलं. पडलेला टेप वाऱ्याने उचलावा तसा उचलला गेला आणि पुन्हा खाली पडला. पाठोपाठ आणखी चाकं, लहान, अडखळणारी. आणि पोरांचं हसू... अगदी कानाशी. दिसत काहीच नव्हतं.

मावशीने चपला काढून भिंतीशी ठेवल्या. दोन्ही हात पुढे केले. आणि ती निघाली.

मी वरून पाहत होते, म्हणून खात्रीने सांगते. ती चालत नव्हती. पाय जुळलेले होते, गुडघा वाकत नव्हता. तिचे दोन्ही हात कोणीतरी धरले होते आणि ती नव्या लाकडावरून अलगद, पाठमोरी, गोल गोल फिरत होती. जिना चढताना जिचे हाय हाय शेजाऱ्यांना ऐकू जातात ती माझी मावशी! आणि हसत होती. मी तिचं हसणं जन्मभर ऐकलंय, पण हे तिचं नव्हतं. म्हणजे तिचंच होतं, फार जुनं. माझ्या अंगावर काटा उभा होता आणि तरी मीही हसत होते. काय करणार, तो आनंदच तसा होता. लागण होणारा.

दोन-तीन फेऱ्यांनंतर माझ्या ध्यानात आलं की फेरी मोठी होत चालली आहे. प्रत्येक वळणाला ती मागच्या भिंतीच्या जवळ जात होती. ती भिंत सलग आहे. दारं आता दोन्ही बाजूंना आहेत, चांगली रुंद. पण चाकांचे आवाज त्या भिंतीपाशी वळत नव्हते. एकेक करून पलीकडे जात होते... आणि दूर, खूप दूर विरत होते.

मी शिडीवरून कशी उतरले, आठवत नाही. भिंतीकडे धावत हाक मारली, "मावशी... घरी चल ना गं."

तिने माझ्याकडे पाहिलं. इतका सुखी चेहरा मी कोणाचाच पाहिलेला नाही.

"पोरांच्या मागे जाऊन येते," ती म्हणाली. "एकदाच..."

तिची पाठ भिंतीला टेकायला आली होती. तेवढ्यात तिच्यासमोरच्या रिकाम्या हवेतून आवाज आला. तरुण मुलीचा, हसून धाप लागलेला.

"हिला नको... अजून नको."

तिचे हात धरणारीने कसा हिसका दिला, मला दिसलं नाही. पण मावशी उलटी फिरून सुसाट माझ्याकडे आली आणि आम्ही दोघी धाडकन जमिनीवर. घरघर थांबली. कॉफीचा वास तेवढा रेंगाळला. मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत पडून राहिली. रखवालदार टॉर्च घेऊन आला तर त्याला म्हणाली, वार्निश झकास झालंय हो, पाय ठरत नाही.

घरी जाताना ती किनाऱ्याच्या कट्ट्यावर बसली आणि पहिल्यांदा त्या दुपारबद्दल बोलली. आग नव्हे, एकच गोष्ट तिला आयुष्यभर खात आली होती. शेवटी, त्या बंद दाराशी, भिंगरी घाबरली असेल का? आज तिने विचारून घेतलं होतं.

"मग काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, घाबरायला सवड कुणाला होती? पोरं रडत होती. त्यांना सांगितलं, डोळे मिटा, हात धरा, आपण फेरी मारतोय." मावशी समुद्राकडे बघत हसली. "त्यांनी अजून डोळे उघडलेले नाहीत, म्हणते."

पडदे लागले, केंद्र सुरू झालं. गावातली पोरं तिथून हलत नाहीत, हॉल दिवसभर गजबजलेला असतो. मावशी दर आठवड्याला जाते. आता जिना धडाधड चढते, वाढलेलं सगळं जेवते, जुनी गाणी गुणगुणते. घरात इतकं हसू कधीच नव्हतं. डॉक्टर म्हणतात, या वयात गुडघे असे सुधारत नाहीत, पण सुधारलेत खरे. तिचं सुख मी कशाला मोजू?

परवा मी मशीनवर बसले होते. ती माझ्यासाठी कॉफी घेऊन आली, कप ठेवला आणि माझ्या पायांकडे बघत उभी राहिली.

"तुझ्या पायाचं माप काय गं?"

मला वाटलं, चप्पल आणायची असेल. सांगितलं. तिने विसरू नये म्हणून ते दोनदा पुटपुटलं आणि वळली.

"कशाला हवंय?" मी विचारलं.

"मला कुठे हवंय," मावशी दारातून हसून म्हणाली. "ती विचारत होती."