खुंट्या मारलेली हिरवळ

"अरे, गवताला खुंट्या मारतं का कुणी?" गोटू ओरडला.

तो बांधाच्या उतारावर पालथा पडला होता. त्याने दोन खुंट्या उपटल्या, हिरवळीची कड धरून ओढली आणि चटई गुंडाळावी तशी ती गुंडाळत आली! खाली काळी, बुळबुळीत माती होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं.

"ठेव आधी ते! मामा बघेल," चष्मिस म्हणाली. ती गोटूची मोठी बहीण.

"मामानेच लावलंय ते! सकाळी मी स्वतः पाहिलं," त्यांची मावसबहीण तोफ म्हणाली. आवाज असा, की तिचं खरं नाव घरातसुद्धा कुणाला आठवत नसे.

"हळू बोल गं!"

"हळूच बोलतेय!" तोफ गरजली आणि पलीकडच्या बगळ्यांनी तळं सोडलं.

तिघंही सुट्टीत मामाकडे आली होती. पक्षी आणि जंगलातली जनावरं पाण्याला यावीत म्हणून मातीचा बांध घालून हे तळं केलेलं होतं, आणि मामा त्याचा रखवालदार. टिबुकलीसारखा पाणपक्षी कसा बुडी मारतो, पाणमांजराची विष्ठा कशी ओळखायची, हे सगळं चष्मिस त्याच्याकडूनच शिकली होती. मामाला माहीत नाही असं जगात काही असेल, यावर तिचा विश्वासच नव्हता. म्हणून तर ती हिरवळ तिला इतकी खुपली.

"आणि इथला दगडी चर कुठे गेला?" गोटूने विचारलं. बांधाच्या पायथ्याशी दगडगोट्यांनी भरलेला एक चर होता. बांधातून झिरपलेलं पाणी त्यातून निघून जायचं. गेल्या सुट्टीत त्याच्या तोंडाशी त्यांनी कागदाच्या होड्या सोडल्या होत्या. आता तिथे फरशीची पायवाट होती आणि फोटो काढायला एक सुबक बाक.

चष्मिसने मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत ते झिरपणारं पाणी भरलं आणि बरणी खिडकीत ठेवली. दुपारी पाहते तर तळाशी मातीचा थर!

"पाणी स्वच्छ आलं असतं तर ठीक होतं," ती म्हणाली. "हे माती घेऊन येतंय."

"कुठली माती?"

"बांधाच्या पोटातली, गाढवा!"

गोटूने बरणी उचलून उजेडात धरली.

संध्याकाळी मामी मामाच्या गणवेशाला इस्त्री करत होती. दुसऱ्या दिवशी मामाच्या तळ्याला सर्वांत नीटनेटक्या तळ्याची सरकारी ढाल मिळायची होती. चष्मिसने बरणी मामासमोर ठेवली.

"मातीचा बांध थोडा पाझरतोच," मामा बरणीकडे न बघता म्हणाला.

"गढूळ पाझरतो?"

मामाने बरणी बाजूला सरकवली.

"तो चर तू बुजवलास ना?"

"बुजवला! सिमेंट ओतलं आणि वर फरशी टाकली. काय करू मग? गेल्या वेळी खात्याचे साहेब तपासायला आले आणि त्यांच्या बुटांना चिखल लागला, तर तळ्याचे गुण कापले. हिरवं दिसलं पाहिजे, कोरडं दिसलं पाहिजे! त्यांना हवं तसं दिसतंय आता."

"पण पाण्याची बाहेर पडायची वाटच ती होती, मामा! आता ते दुसरीकडून वाट काढतंय. निदान पाणी सोडायची झडप उघडून तळं थोडं उतरव."

"उद्या काठोकाठ तळं दाखवायचंय आणि आज उतरवू? परवा सगळं उपसून दुरुस्त करतो. एक दिवस कळ काढ. आणि हे बघ, बाहेर तोंड उघडलंस तर तुझ्या मामाची नोकरी गेली म्हणून समज."

मामीची इस्त्री थांबली होती. मग ती पुन्हा फिरू लागली, आणि चष्मिसला मामीचाही राग आला. मोठ्या माणसांना सगळं ठाऊक असतं आणि तरी ती उद्यावर ढकलतात, हे तिला त्या दिवशी कळलं. कळायला नको होतं.

सकाळी बांधाखालच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. अगदी बांधाच्या पोटाशी! सावली छान पडते म्हणून. साहेब आले, त्यांच्या मागून पाहुणे आले, नटूनथटून मुलंबाळं आली. झिरपणाऱ्या जागी आता मनगटाएवढी तपकिरी धार लागली होती, आणि मामाने तिच्यापुढे फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या.

 बोललं तर मामाची नोकरी जाते, नाही बोललं तर ही सगळी माणसं जातात. चष्मिस तडक साहेबांकडे गेली.

"साहेब, बांध फुटतोय. सगळ्यांना वर घ्या."

"अरे वा, किती काळजी!" साहेबांनी तिच्या गालावर टिचकी मारली. "भाषण झालं की बोलू हं, बाळ." आणि ते बांधाकडे पाठ करून बसले.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"फुटतोय म्हटलं तर हलत नाहीत," ती म्हणाली. "काय म्हटलं तर हलतील ही माणसं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे होते. तळ्याच्या पाटीवर पाणमांजराचं भलंमोठं चित्र होतं, आणि कित्येक वर्षांत तिथे पाणमांजर कुणाला दिसलेलं नव्हतं.

"तोफे," चष्मिस म्हणाली, "आज मुळीच हळू बोलू नकोस."

"पाणमांजर!" तोफेने टेकाडावरच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यापाशी धावत जाऊन आरोळी ठोकली. "पिल्लांसकट आहे! इथे! मनोऱ्याखाली!"

"पिल्लं मासा खातायत!" गोटूने वर फोडणी दिली.

काय पळाली माणसं! साहेबांनी भाषणाचा कागद खुर्चीवर टाकला आणि सगळ्यांच्या पुढे टेकाड चढले. आयांनी मुलांना काखोटीला मारलं. जीव वाचवायला जी माणसं उठली नव्हती ती फोटोसाठी वाऱ्यासारखी पळाली.

एकटा मामा हलला नाही. पाणमांजर नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. तो गुडघ्यांवर बसून धारेच्या तोंडात हिरवळीचे तुकडे कोंबत होता.

चष्मिस धावत खाली गेली. "मामा, चल!"

"तू जा वर. मी धरतो दाबून."

"ते दाबून राहणार नाही!"

"राहील! थोडा वेळ राहिलं तरी..."

"मग मीही इथेच थांबते," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी चिखलात बसली.

मामाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने हात काढले, तिचं मनगट पकडलं आणि दोघं जिवाच्या आकांताने पळत सुटली. ती टेकाडावर पोहोचतात न पोहोचतात तोच बांधाचं पोट खचलं. कुंड्या, बाक, खुर्च्या, तपकिरी पाण्याने सगळं उचललं आणि पार शेताच्या कुंपणापर्यंत नेऊन आपटलं.

 मग एका आईने गोटूला छातीशी घट्ट धरलं आणि सगळे एकदम बोलू लागले.

"शाब्बास! काय डोकं चालवलंत!" साहेब म्हणाले. "या मुलांमुळे आज आपण सगळे वाचलो! ढाल खरी यांनाच द्यायला हवी!" टाळ्या पडल्या. मग त्यांनी मामाकडे वळून हात पुढे केला. "झडपेच्या किल्ल्या द्या. हा निष्काळजीपणा मी खपवून घेणार नाही."

मामाने किल्ल्या दिल्या.

"साहेब, ते गवत तुमच्यासाठीच लावलं होतं," चष्मिस म्हणाली.  "तुम्ही लांबून हिरवं बघून गुण दिलेत. एकदा वाकून हात लावला असतात तर हाताला पाणी लागलं असतं!"

"लहान आहेस अजून," साहेब हसून म्हणाले आणि गाडीकडे गेले. त्यांच्याकडे कुणी किल्ल्या मागितल्या नाहीत.

दुपारी तळ्याच्या जागी नुसता चिखल होता. त्यात मासे तडफडत होते. टिबुकलीचं तरंगतं घरटं गाळात तिरकं रुतलं होतं आणि ती कुठेच दिसत नव्हती. तिघं मुलं आणि मामा बादल्यांतून मासे नदीच्या डोहात नेऊन सोडत होते. पुष्कळ मासे वाटेतच उलटे होत.

"चांगलं केलंस तू," मामा अचानक म्हणाला. तो चष्मिसकडे बघत नव्हता.

 बरंच अंतर चालल्यावर तिने विचारलं, "पुढच्या सुट्टीत येऊ ना आम्ही?"

"कुठे येणार?" मामा म्हणाला. "घर सरकारी आहे. महिनाअखेर रिकामं करायचं."

चष्मिसने बादलीची कडी दुसऱ्या हातात घेतली. आतला एक मासा अजून जिवंत होता. ती भराभर पावलं उचलू लागली.