चार बोल्टांवरचं कुंकू

"थांब, हात लावू नकोस," शैलजाबाई चक्क मराठीत म्हणाल्या. मेकॅनिक डॅरिलला शब्द कळले नाहीत, पण सूर बरोबर कळला. त्यानं पाना खाली घेतला.

समोर त्यांच्या लेकीची, आसावरीची, सव्वीस वर्षांची छोटी गाडी बॉनेट उघडून उभी होती. पंधराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर. बुधवारी सकाळी अमेरिकेतल्या कॅरी गावाहून ऑफिसला जाताना ते हायवेवर भर वेगात बंद पडलं. गाडी कठड्यावर आदळली आणि आसावरीचं मनगट मोडलं. मागच्या ट्रकवाल्यानं वेळेत गाडी वळवली, नाहीतर काय झालं असतं, याचा विचारही शैलजाबाईंना करवत नव्हता.

वर्क परमिट आल्यावर आसावरीनं आठ वर्षांच्या खंडानंतर नोकरी धरली होती. त्या नोकरीला अजून महिनाही झाला नव्हता आणि घरात रोज धुसफूस होती. बुधवारी मात्र एरवी नऊशिवाय न उठणारा जावई सात वाजताच खिडकीत उभा राहून तिला निघताना बघत होता. बायकोची काळजी आहे हो, म्हणून शैलजाबाईंना कौतुक वाटलं होतं.

नागपुरात तीस वर्षं त्यांनी इन्शुरन्स कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. जावयाच्या घरात भाजीत मीठ किती, यापलीकडे त्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

आज चार वाजता पोलीस ऑफिसर आसावरीचा जबाब घ्यायला घरी येणार होता. त्याला सिद्धेशचं नाव द्यायचं, असं जावयानं, परीक्षितनं, ठरवून टाकलं होतं. सिद्धेश त्यांच्या बेसमेंटमध्ये राहणारा पीएचडीचा विद्यार्थी. ऑगस्टमध्ये त्यानंच या इंजिनाचा, आतल्या हालचालींचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट बदलला होता. परीक्षितनं काल संध्याकाळीच कबुलीजबाब टाइप करून त्याच्यापुढे टाकला: 'बेल्ट बदलताना मी टेन्शनरचा बोल्ट नीट आवळला नाही.' पोरगा स्टुडंट व्हिसावर आलेला. एकदा केस झाली की पाच वर्षांच्या अभ्यासावर पाणी पडणार होतं.

शैलजाबाईंनी मोबाइलमधला रविवारचा, दसऱ्याचा फोटो उघडला. आसावरीनं त्या दिवशी इंजिनाचीसुद्धा पूजा केली होती. बेल्टवरच्या काळ्या प्लास्टिकच्या झाकणाला चार बोल्ट, आणि प्रत्येकावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलेलं. फोटोत चारही टिळे बोल्टांवरून झाकणावर अखंड पसरले होते. आता समोर मात्र ते चारही तडकले होते आणि बोल्टांच्या कडांवरचं कुंकू खरवडून निघालं होतं.

गाडी इथं आल्यापासून हे झाकण कोणी उघडलं का, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. डॅरिल म्हणाला, बॉनेटसुद्धा आत्ता तुमच्यासमोरच उघडलं. त्यांनी चारही बोल्टांचे फोटो घेतले आणि मग त्याला झाकण काढायला सांगितलं.

बेल्ट तुटला नव्हता, पण लोंबत होता. त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा बोल्ट डॅरिलच्या दोन बोटांनी फिरला. बेल्टचे दाते सरकले आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले, असं त्यानं सांगितलं. ज्यानं बेल्ट बसवला, त्यानं बोल्ट आवळलाच नसणार, असंही तो म्हणाला.

"असा ढिला बोल्ट किती टिकेल?"

"एखादा दिवस. त्याहून जास्त नाही."

"बेल्ट बदलल्यावर गाडी दोन हजार मैल चालली आहे."

डॅरिल पुन्हा वाकून बोल्ट बघू लागला.

परतताना त्या शेजारच्या सुमंतकडे गेल्या. आसावरीच्या गाडीतून सामाईक ड्राइव्हवेवर ऑइल गळतं म्हणून त्याचं तिच्याशी वाजलेलं होतं आणि सिद्धेशनं बेल्ट बदलायला वापरलेला पान्यांचा सेटही त्याचाच होता. तो दारातच तडकला. सेट ऑगस्टपासून तुमच्याच गॅरेजमध्ये पडलाय, तीनदा मागितला तरी परीक्षित देत नाही, एवढं सांगून त्यानं दार लावून घेतलं.

घरी परीक्षित सिद्धेशसमोर पेन धरून उभा होता. आसावरी प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली होती.

"काकू, मी बोल्ट आवळला होता," सिद्धेश म्हणाला.

"ठाऊक आहे मला. दसऱ्यापासून तू कुठे होतास?"

"पूजा झाल्यावर लगेच कॉन्फरन्ससाठी अटलांटाला गेलो. बुधवारी दुपारी परत आलो."

"आई, तुम्ही यात पडू नका," परीक्षित म्हणाला. "इंजिनातलं तुम्हाला काय कळतं?"

"तेवढंच कळतं, परीक्षितराव. बाकी माणसं ओळखायला चुकले मी."

मग त्यांनी फोटो टेबलावर ठेवले. पूजेनंतर कोणीतरी चारही बोल्ट खोलले. सिद्धेश तेव्हा गावात नव्हता. सुमंतचे पाने याच घरात होते. सोमवारी, मंगळवारी गाडी नीट चालली, म्हणजे टेन्शनर मंगळवारी संध्याकाळी ढिला केला गेला.

"आणि तुमचा हा कागद कालचा आहे. झाकण डॅरिलनं आज सकाळी उघडलं. आत टेन्शनरचाच बोल्ट ढिला आहे, हे तुम्हाला काल कसं कळलं? ऑगस्टमध्ये सिद्धेश काम करत होता, तेव्हा टॉर्च धरून तुम्हीच शेजारी उभे होतात. कुठला बोल्ट काय करतो, हे तुम्ही तेव्हा पाहिलंत."

परीक्षितचा चेहरा लाल झाला. "मला फक्त गाडी बंद पाडायची होती. घराचे हाल चाललेत, हिला नोकरीचं खूळ लागलंय. बाबांच्या गाडीचा बेल्ट असाच सुटला होता. ती फाटकातच थांबली. नवा बेल्ट घातला आणि पुन्हा चालू."

"त्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना लागत नाहीत. या इंजिनात लागतात. ते तुम्हाला माहीत नव्हतं, हे मी मानते. पण बुधवारी गाडी सुरू झालेली तुम्ही खिडकीतून पाहिलीत. टेन्शनर ढिला आहे हे माहीत असताना तिला हायवेवर जाऊ दिलंत. एक हाक मारायची होती फक्त."

शैलजाबाईंना संताप आवरत नव्हता. आसावरी नवऱ्याकडे बघत होती. तो नजर देईना.

"तू खिडकीत होतास?" तिनं विचारलं.

तेवढ्यात बेल वाजली.

ऑफिसर आत आला. परीक्षित घाईनं पुढे झाला आणि बायकोला औषधांमुळे गुंगी आहे, तिच्या वतीनं मीच सांगतो, असं म्हणू लागला. आसावरी उठून उभी राहिली. तिनं त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

गाडीला कोणी मुद्दाम हात लावला असेल असं वाटतं का, ऑफिसरनं विचारलं. भिंतीला टेकलेल्या सिद्धेशनं डोळे मिटून घेतले.

आसावरीनं नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं आणि ऑफिसरचं लिहून होईपर्यंत ती उभीच राहिली.