बंद पेरातली हाक

बेडूक ओळखायला जाते, असं एलिअम्माने वनखात्याच्या चौकीवर सांगितलं. खोटं नव्हतं ते. तिचा नवरा चाक्को एका झुडपी बेडकाच्या हाकेमागे या बांबूच्या बेटात शिरला होता, तो परतलाच नाही. शोधायला आलेली माणसं कालच डोंगर उतरून गेली. आता ती होती, आणि वाट दाखवणारा म्हातारा तंकप्पन.

"अंधाराआधी मागे फिरायचं हं, मोळे." लेकीसारखंच वागवायचा तो तिला.

धुकं बांबूंना चिकटून होतं. कुजलेल्या पानांचा आंबूस वास येत होता. कुठूनतरी आवाज आला. टिक... टिक-टिक...

बांबूच्या एका पेराला बारीक चीर होती. एलिअम्माने तिच्यावर विजेरी धरली. आत नखाएवढा हिरवा बेडूक अंडी राखत बसला होता. काळ्यानिळ्या डोळ्यांत सोनेरी ठिपके.

"हाच, तंकप्पन चेट्टा! चाक्को हाच शोधत होता."

बेडूक तर गप्प होता. टिक-टिक मात्र चालूच होती, पलीकडच्या बांबूतून. हळूहळू ती लांबत गेली, जडावत गेली.

"एली..."

त्या नावाने तिला एकटा चाक्कोच हाक मारायचा.

"ओ देऊ नकोस," तंकप्पन कुजबुजला. "मीही ऐकलं... चल इथून."

"जिवंत आहे तो! कोयता द्या!"

"अगं, करंगळी शिरत नाही त्यात... माणूस कुठला मावतोय?"

तिने कोयता हिसकावला आणि घाव घालत सुटली. बांबू फुटत होते, तळहात सोलवटत होते. दर घावाला हाक पुढच्या बांबूत सरकत होती.

"थांब ना रे, चाक्को... आले मी... थांब..."

एका खोडावर घाव बसला आणि हाक बंद पडली. बेट चिडीचूप झालं. तोडलेला तुकडा तिने छातीशी धरला. तंकप्पनने तिला जवळजवळ ओढतच खाली आणलं.

चौकीतल्या दिव्याखाली त्याने तो तुकडा फिरवून फिरवून पाहिला. कुठे भोक नाही, चीर नाही, दोन्ही टोकं गच्च बंद.

"बघायचंच आहे तुला?"

तिने मान डोलावली. त्याने तुकडा उभा चिरला.

आत बेडूक नव्हता, अंडी नव्हती. आतल्या पांढऱ्या पापुद्र्यावर चार ओरखडे होते, शेजारी शेजारी, माणसाच्या नखांचे. ताजे होते. त्यांतून अजून रस झिरपत होता.