कोरडी गाठ

"मासे मारता?" तनुजानं रीळ हातात घेत विचारलं आणि लगेच जीभ चावली. गळाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला असं विचारतात का कुणी!

"धरतो अन् सोडून देतो," तो हसला. "आईची अट हाय तशी. पंचशील पाळणारी बाई... ऐकती व्हय?"

शहागंजातलं ते बोळकांडीएवढं दुकान तिच्या सांडूमामांचं. गळ, शिशाचे गोळे, आणि तंगूस, म्हणजे मासे धरायची ती काचेसारखी नायलॉनची दोरी. रिळावरच्या बारीक तंगुसाला पुढं खडकात टिकेल असा जाड तुकडा जोडून द्यायचं काम तनुजाचं. दोन टोकं शेजारी ठेवायची, एकमेकांभोवती पाच-पाच वेढे द्यायचे, टोकं मधून काढायची, गाठ तोंडात धरून ओली करायची आणि मग हळूच आवळायची.

त्याचं नाव धम्मपाल. वाळूजच्या कंपनीत कामाला. त्या श्रावणात तो चार वेळा आला. कधी गळ हवा, कधी शिसं, कधी नुसतंच "भाव काय?"

"सगळी गिऱ्हाईकं मला ताई म्हणतात," एकदा ती खाली बघत म्हणाली. "तुम्हीच तेवढं... काहीच म्हणत नाही."

"ते तेवढं सोडून काय बी म्हणायला सांगा!"

तनुजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या संध्याकाळी जपाची माळ दोनदा चुकली.

मग तो सोमवार आला. तिचा निर्जळी उपास, संध्याकाळची पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. धम्मपालनं रीळ पुढं केलं. तिनं वेढे घेतले, गाठ ओठांपाशी नेली... आणि थांबली. आज तोंडात कसं धरायचं? पाण्याचा माठ मागच्या खोलीत. उठावं, तर तो एकटक तिच्या बोटांकडं बघत होता. उठण्याचं कारण विचारलं तर उपासाचं सांगावं लागलं असतं, आणि मग आवाजावरूनच त्याला सगळं कळलं असतं...

तिनं गाठ तशीच आवळली. कोरडी.

"उद्या दुसरी पाळी हाय," तो म्हणाला. "सकाळी हर्सूल तलावावर. तुमच्या गाठीचा कस लागंल!"

मंगळवारी सकाळी दिवा लावतानाही तिला ती गाठ दिसत होती. नऊला दुकान उघडल्यावर तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, कोरडी आवळली तर काय होतं हो?"

मामांनी एका डोळ्यानं तिच्याकडं बघितलं. दुसरा डोळा कधीचाच पांढरा पडलेला. "काय व्हतंय? घासून तंगूस आतल्या आत भाजतंय. वरून कळत नाय. गळ खडकात गुतला, तू वढला, गाठ सुटली की तिच्या अलीकडं, आपल्या बाजूला ववलेलं शिसं गोळीवानी तोंडावर! ह्यो डोळा कशानं गेला वाटतंय तुला?"

तनुजा ताडकन उठली. "आलेच," एवढंच म्हणाली आणि ओढणी सावरत रिक्षाकडं धावली. रिक्षावाल्याला दोनदा म्हणाली, "दादा, जरा लवकर हो..." तिसऱ्यांदा तिच्या तोंडून नुसताच देवाचा धावा निघाला. त्याचे ते हसरे डोळे... त्यातला एक पांढरा... नको रे देवा, नको!

तलावाच्या काठाला, बाभळींपलीकडं तो दिसला. खडकावर पाय रोवून मागं रेललेला. काठी धनुष्यासारखी वाकलेली. गळ गुंतला होता, आणि तो सगळा जोर लावून ओढत होता.

"ओढू नका!"

तो दचकून वळला. त्याच क्षणी सप्पकन आवाज झाला. त्याच्या कानाजवळून काहीतरी सूं करत गेलं आणि मागच्या दगडावर टण्णकन आदळलं. शिसं. जिथं आत्ता त्याचा चेहरा होता, तिथूनच गेलं ते.

तनुजा धावत त्याच्याजवळ आली.

"कोरडी बांधली मी," ती म्हणाली. "उपास होता... तोंडात धरता येईना. पाणी आणायला उठले असते, पण तुम्ही बघत होता..."

"म्हंजी चूक माझीच की."

"हसू नका!" तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "मामांचा डोळा असाच गेलाय!"

त्याचं हसू मावळलं. मग हलकेच म्हणाला, "दुकानाचं नाव जाईल म्हणून पळत आलात?"

हो म्हणणं किती सोपं होतं! मान हलवली की सुटली असती. ओढणीचं टोक बोटांत पिळत ती उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

धम्मपाल खडकावर मटकन बसला. "शिसं गेलं तवा नाय भ्यालो. आता लई भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"तुमच्या घरात माझं आडनाव विचारतील त्याचं. तुम्हाला बोल लागतील त्याचं."

तिलाही तेच भय होतं. रोज माळ ओढताना, नाव न घेता, ती त्याच भयाला बाजूला सारत आली होती. आज ते समोर येऊन बसलं होतं, ओल्या खडकावर, त्याच्या शेजारी.

"मामांना आज दोन गोष्टी सांगायच्यात," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी गाठीची सांगते. तिच्यावर ओरडून ओरडून दमले, की दुसरी."

"अन् दमलेच नाय तर?"

तिनं डोळे मिटून मनात एक नाव घेतलं, देवाचं. मग डोळे उघडून दुसरं, पहिल्यांदाच, मोठ्यानं.

"धम्मपाल... मग तू ये."